विहिरीतला आरसा आणि पाण्याखालचा दिवा

विहिरीत पोहरा पडला, की पूर्वी घरात दोन वस्तूंसाठी हाक जायची. एक गळ आणि दुसरा आरसा. गळ पोहरा वर काढण्यासाठी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आरसा कशाला? तर काठावर एकाने उन्हात आरसा धरायचा आणि त्याचा कवडसा खाली पाण्यात टाकायचा. वरून नुसते पाहिले तर विहीर काळीभोर दिसते. कवडसा पडला, की तळाचा दगड दिसतो, त्याच्या कडेला अडकलेला पोहरा दिसतो, आणि मग गळ नेमका कुठे सोडायचा ते कळते.

मंडळी, पाण्याखाली उजेड पाडून पाहण्याची विद्या आपल्या घरात होती, आणि ती अगदी फुकटात होती. आज मी तिचाच पुढचा इतिहास सांगणार आहे. पाण्याखालचे चित्र घेण्यासाठी माणसाने कसकसले दिवे केले, ते किती महाग पडले, आणि आज एखाद्या शाळेला किंवा मच्छीमारांच्या सोसायटीला परवडेल असा दिवा निवडायचा झाला तर काय पाहावे, असा हा विषय आहे. तुम्ही म्हणाल, आम्हाला पाण्याखालचे चित्र घेऊन काय करायचे आहे? तेवढ्यासाठी आधी तळोज्याला जाऊन येऊ.

पनवेल तालुक्यातले तळोजे. शेजारून कासाडी नदी वाहते आणि पुढे खाडीला मिळते. काठावर आगरी आणि कोळी लोकांची गावे. भातशेती आणि मासेमारी हा इथला जुना उद्योग. मग इथे औद्योगिक वसाहत झाली, शेकडो कारखाने आले. नदीचे पाणी बिघडले आहे, मासळी मिळेनाशी झाली आहे, असे काठचे लोक पुष्कळ वर्षे सांगत होते. ते ऐकून घेणारे थोडे. मग 2017 च्या ऑगस्टमध्ये तळोज्याच्या रस्त्यांवर निळी कुत्री दिसू लागली. खरोखरच निळी, बरं का! रंगद्रव्यामुळे त्यांचा रंग बदलला होता. त्यांची छायाचित्रे जगभर छापून आली. प्रदूषण नियंत्रण मंडळ जागे झाले, एका कारखान्याला टाळे लागले. पुढे 2018 साली कासाडीचे गाऱ्हाणे राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले.

आता विचार करण्याजोगी गोष्ट ही, की कुत्रे रस्त्यावर चालते म्हणून ते सगळ्यांना दिसले. मासा पाण्याखाली असतो. त्याचे काय झाले हे कोळ्याच्या जाळ्याला ठाऊक होते, पण जाळ्याची साक्ष कचेरीत चालत नाही. जे दिसत नाही त्याची दाद लागत नाही, असा हा जुना अनुभव आहे. पाण्याखालचे चित्र घेण्याचे पहिले कारण हेच. आणि गंमत म्हणजे या विद्येचा आरंभ ज्याने केला, त्याच्या मनातही असेच एक घरगुती, काटकसरीचे कारण होते.

हा गृहस्थ म्हणजे इंग्लंडचा विल्यम थॉम्पसन. पेशाने वकील, आवडीने निसर्गाचा अभ्यासक. पुलाचे खांब पाण्याखाली खचले आहेत का, हे पाहायला पाणबुड्या उतरवावा लागे आणि त्याला खर्च फार. त्याऐवजी कॅमेराच पाण्यात सोडला तर? 1856 साली वेमथच्या उपसागरात त्याने एका पेटीत कॅमेरा बसवला, पेटीला वजन बांधले आणि होडीतून सुमारे 18 फूट खोल सोडली. दोरी ओढून कॅमेऱ्याची झडप उघडली आणि दहा मिनिटे तशीच ठेवली. पेटीत पाणी शिरले. तरीही काचेवर खडक आणि पाणवनस्पती यांची पुसट आकृती उमटली. समुद्राखालचे ते पहिले छायाचित्र मानतात. थॉम्पसनजवळ दिवा नव्हता. होते ते वरून झिरपणारे ऊन, आणि म्हणूनच दहा मिनिटे लागली. दहा मिनिटांत मासा कुठल्या कुठे निघून जातो. त्यामुळे हलत्या जिवाचे चित्र घ्यायचे तर उजेड पाहिजे, हे तिथेच ठरून गेले.

तो उजेड तयार करण्याची खटपट फ्रान्समध्ये लुई बूताँ याने केली. हा प्राणिशास्त्रज्ञ. बान्यूल या समुद्रकाठच्या गावी प्रयोगशाळेत तो काम करी. 1893 पासून तो स्वतः पाणबुड्याचा पोशाख घालून खाली उतरू लागला. वीजतज्ज्ञ शोफूर याने त्याला पहिला दिवा करून दिला. काचेच्या भांड्यात प्राणवायू भरायचा आणि आत मॅग्नेशियमची तार विजेने पेटवायची. उजेड लख्ख पडे, पण भांडे पुष्कळदा फुटे. मग दुसरी युक्ती निघाली. एक मोठे लाकडी पिंप घेतले, त्यावर काचेच्या घंटेखाली स्पिरिटचा दिवा पेटता ठेवला, आणि रबरी फुगा दाबून त्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड फुंकायची सोय केली. आपल्याकडे होमात राळ टाकली की भपका उठतो, तसा भपका पाण्याखाली उठे आणि तेवढ्या क्षणात चित्र घ्यायचे. हे अवजड पिंप पाण्यात बुडवायचे म्हणजे शिशाची केवढी वजने बांधावी लागली असतील, विचार करा. पुढे 1899 साली बूताँने पाण्यात चालणारे विजेचे दिवे वापरून जवळजवळ 50 मीटर खोलीवर चित्र घेतले. कॅमेरा दोरीने खाली सोडलेला आणि माणूस वर होडीत, असा तो बेत होता.

मॅग्नेशियमचे हे प्रकरण धोक्याचे होते. 1926 साली अमेरिकेत फ्लॉरिडाजवळ लाँगली आणि मार्टिन या दोघांनी पाण्याखालचे पहिले रंगीत छायाचित्र घेतले. त्या काळच्या रंगीत काचपट्टीला उजेड भरपूर लागे. म्हणून त्यांनी पाण्यावर एक तराफा सोडला आणि त्यावर एकेका भपक्याला पौंडभर मॅग्नेशियमची पूड ठेवली. खाली कॅमेऱ्याची कळ दाबली, की वर पूड पेटे. एकदा थोडी पूड अवेळी पेटली आणि लाँगली चांगलाच भाजला. पुढच्या वर्षी, 1927 च्या जानेवारीत, ती चित्रे नॅशनल जिऑग्राफिक मासिकात छापून आली आणि लोकांनी घरबसल्या समुद्रातल्या माशाचे रंग पाहिले.

चलच्चित्राची कथा याच सुमारास सुरू होते. 1914 साली विल्यमसन नावाच्या माणसाने बहामा बेटांजवळ एक युक्ती केली. होडीच्या तळातून एक लवचीक नळी खाली सोडली, तिच्या टोकाला जाड काचेची खिडकी असलेला पोलादी गोळा लावला आणि त्यात स्वतः कॅमेरा घेऊन बसला. 1916 साली याच पद्धतीने समुद्राखालच्या सफरीचा मोठा चित्रपट निघाला. तिथले पाणी काचेसारखे स्वच्छ, ऊन कडक, म्हणून काम पार पडले.

याच काळात आपल्या महाराष्ट्रात दादासाहेब फाळके चित्रपट काढत होते. त्यांच्याजवळही दिव्यांना पैसा नव्हता. 1912 साली भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो, याचे चित्र एकेक फोटो जोडून तयार केले होते. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी चित्रण उन्हात चाले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत आणि तिच्यावरून परतलेला उजेड नटांच्या तोंडावर पडे, असे सांगतात. विहिरीवरचा आरसा तो हाच की नाही? थोड्या पैशांत काम करणाऱ्याला हे नेहमी लक्षात ठेवायला हवे. आधी असलेला उजेड वापरावा, आणि पुरला नाही तर दिवा विकत घ्यावा.

पण खोल पाण्यात ऊन पोचतच नाही. 1930 ते 1934 या वर्षांत बीब आणि बार्टन हे दोघे बर्म्युडाजवळ एका पोलादी गोळ्यात बसून समुद्रात उतरत. 15 ऑगस्ट 1934 रोजी ते 3028 फूट खोल गेले. त्यांच्याजवळ विजेचा झोत होता. झोत लावला तेवढीच वाट उजळे, बाकी सगळा काळोख. आपल्या रेडिओच्या श्रोत्यांना सांगण्यासारखी गोष्ट अशी, की 1932 च्या सप्टेंबरमध्ये त्या गोळ्यातून बीबने टेलिफोनच्या तारेवरून वर्णन केले आणि ते रेडिओवरून प्रसारित झाले. डोळ्यांना दिसेना, तेव्हा माणसाने कानांनी समुद्र पाहिला!

1950 नंतर फ्रान्सच्या झाक कुस्तो याने या विद्येला घरोघर नेले. अमेरिकेतले एजर्टन हे प्राध्यापक विजेच्या क्षणिक झगझगाटाचे दिवे तयार करण्यात निष्णात होते. 1953 पासून ते कुस्तोच्या जहाजावर जाऊ लागले, आणि खलाशी त्यांना लाडाने ‘पापा फ्लॅश’ म्हणत. 1956 साली कुस्तोचा चित्रपट कान येथे सर्वोच्च पारितोषिक मिळवून गेला. त्यात पाणबुडे मोठे दिवे घेऊन प्रवाळांच्या गुहांत शिरतात. त्या दिव्यांना वीज जहाजावरून लांब केबलने येई. म्हणजे जहाज हवे, वीजयंत्र हवे, माणसांची टोळी हवी. हा खर्च कुणा गावाला झेपणार?

हे सगळे बदलले ते एका निळ्या ठिणगीमुळे. 1990 नंतर जपानमध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांच्या प्रयत्नांनी निळा उजेड देणारा तेजस्वी एलईडी तयार झाला. त्यांना 2014 साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळसर उजेड देणाऱ्या पदार्थाचा लेप दिला, की पांढरा उजेड मिळतो. वीज थोडी लागते, दिवा फारसा तापत नाही आणि मुठीएवढ्या डबीत मावतो. पिंप, तराफा, केबल, सगळे गेले. म्हणून आज हा विषय तुमच्यापुढे मांडता येतो.

आता निवडीकडे वळू. दुकानदार सांगेल तो दिवा घ्यायचा नसेल, तर पाणी उजेडाशी कसे वागते ते आधी समजले पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे पाणी रंग गिळते, आणि तेही क्रमाने. आधी तांबडा जातो. पाचएक मीटरवर तो फिका पडतो, दहा मीटरच्या सुमारास बहुतेक नाहीसा होतो. मग नारिंगी, मग पिवळा. शेवटी निळा उरतो. म्हणून खोलवरचे चित्र निळसर येते आणि तांबडा मासा काळपट दिसतो. दिवा न्यायचा तो नुसत्या उजेडासाठी नव्हे, हरवलेला तांबडा रंग परत देण्यासाठी. आणि इथेच स्वस्त दिव्याची मेख आहे. हलक्या पांढऱ्या एलईडीत तांबडा भाग मुळातच कमी असतो. म्हणजे पाणी जे गिळते, तेच दिव्यातही नाही! त्यासाठी डब्यावर सीआरआय हा आकडा पाहावा. तो उजेडातला रंगांचा खरेपणा सांगतो. 80 च्या वर चालेल, 90 च्या आसपास असेल तर उत्तम.

दुसरी गोष्ट अंतराची. दिवा आणि वस्तू यांतले अंतर दुप्पट झाले, की उजेड चौथाई होतो. शिवाय मधले पाणी आपला वाटा खातेच. हेच उलट करून पाहा. अंतर निम्मे केले, तर चौपट मोठा दिवा घेतल्यासारखे होते, तेही एक पैसा न घालता. म्हणून गरिबाचा नियम असा, की मोठा दिवा घेण्याआधी जवळ जावे. हातभर अंतरावरची वस्तू टिपायची तर 1000 ल्युमेनचा प्रामाणिक दिवा पुरतो. दोन मीटर रुंदीचा देखावा उजळायचा तर 3000 ते 5000 ल्युमेन लागतील. झोत रुंद हवा, 100 अंशांच्या आसपास. आपली नेहमीची विजेरी अरुंद झोत टाकते. त्यामुळे चित्राच्या मध्यभागी पांढरा ठिपका पडतो आणि कडा काळ्या राहतात.

‘प्रामाणिक दिवा’ असे मी मुद्दाम म्हटले. कारण स्वस्त मालावर आकडे वाटेल तसे छापलेले असतात. गुरुजी, हे गणित सातवी-आठवीच्या मुलांना घालून पाहा. लिथियमच्या एका नेहमीच्या सेलमध्ये सुमारे 11 वॉट-तास ऊर्जा असते. चांगला एलईडी एका वॉटला सुमारे 100 ल्युमेन देतो. म्हणजे 1000 ल्युमेनसाठी 10 वॉट, आणि सेल चालेल तासाहून थोडा अधिक. आता एखादा विक्रेता म्हणाला, की एका सेलवर 10000 ल्युमेन, तर त्याला 100 वॉट लागतील आणि सेल सहा-सात मिनिटांत रिकामा होईल. तो मात्र दोन तासांची हमी देतो! मुले दोन ओळींत त्याचा खोटेपणा पकडतील. असे गणित फळ्यावरच्या दहा गणितांपेक्षा लवकर डोक्यात बसते.

तिसरी गोष्ट दाबाची. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. पावसात चालणारा दिवा म्हणजे पाण्याखाली चालणारा दिवा नव्हे. किती मीटरपर्यंत चालेल ते डबीवर स्पष्ट लिहिलेले असावे. पाणी आत जाऊ न देण्याचे काम रबराचे एक बारीक कडे करते. त्यावर वाळूचा एक कण किंवा एक केस राहिला, तरी थॉम्पसनच्या पेटीसारखी गत होते. नवा दिवा आणलात, की सेल काढून आत कोरड्या कागदाचा तुकडा ठेवा, झाकण लावा आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी कागद ओला निघाला तर दिवा दुकानात परत द्या. बादलीचा दाब तो काय, पण झाकणाची उघड खोट इथेच कळते. वापरून झाल्यावर गोड्या पाण्यात धुवावा, आणि सेल ओल्या हाताने बदलू नये.

चौथी गोष्ट आपल्या खाड्यांसाठी सर्वांत महत्त्वाची. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुके उतरते, तेव्हा एस.टी.च्या ड्रायव्हरने मोठे दिवे लावले तर काय होते? समोर पांढरी भिंत उभी राहते. गढूळ पाण्यात नेमके तसेच होते. चिखलाचे कण उजेड परत कॅमेऱ्याकडे फेकतात. अशा ठिकाणी मोठा दिवा घेणे म्हणजे पैसे देऊन भिंत विकत घेणे. दिवा लहान घ्यावा, कॅमेऱ्यापासून हातभर बाजूला धरावा आणि तिरपा टाकावा. याहून सोपी एक युक्ती जाणकार वापरतात. पारदर्शक पेटीत स्वच्छ पाणी भरायचे आणि ती कॅमेरा व वस्तू यांच्यामध्ये धरायची. मग मधल्या वाटेवर गाळच उरत नाही. पुलाचा खांब, बंधाऱ्याची भेग असले काही पाहायला ही चांगली.

स्वच्छ पाण्याची जागाही आपल्याकडे आहे. मालवणला सिंधुदुर्गाच्या भोवती प्रवाळ आहेत, 1987 साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गाजवळ पाण्याखालच्या दगडी रचनेची पाहणी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी केली आहे. आणखी पुढे, विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा प्रवाळांचा उंचवटा समुद्रात बुडालेला आहे. तिथला माथाही पाण्याखाली वीसएक मीटरवर आहे, म्हणजे दिव्याशिवाय त्याचे खरे रंग दिसणार नाहीत. असल्या ठिकाणी मात्र शिकलेल्या पाणबुड्याबरोबरच उतरावे.

दिव्याचा गैरवापरही होतो. प्रखर एलईडी लावून मासळी गोळा करायची आणि लहान-मोठे सगळे उपसायचे, असा प्रकार सुरू झाला, तेव्हा केंद्र सरकारने 2017 च्या नोव्हेंबरमध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. निळी कुत्री दिसली ते हेच वर्ष. एकाच वर्षी उजेडाचे दोन धडे मिळाले म्हणायचे. दिवा पाहण्यासाठी असावा, लुटण्यासाठी नसावा.

आता पुन्हा तळोज्याला येऊ. कासाडीच्या काठावरच्या एखाद्या शाळेने असा लहान दिवा आणि पाण्यात चालणारा साधा कॅमेरा घेतला, तर काय करता येईल? एक गोष्ट कटाक्षाने सांगतो, की मुलांना त्या पाण्यात उतरवायचे नाही. त्याची गरजही नाही. थॉम्पसनप्रमाणे कॅमेरा आणि दिवा बांबूला बांधून गुरुजींनी स्वतः पुलावरून किंवा धक्क्यावरून खाली सोडावा. ठरावीक जागा, महिन्यातून एकदा, भरती-ओहोटीची वेळ पाहून. तारीख वहीत लिहावी. मासे दिसले का, खेकडे किती, तळाचा रंग कसा, एवढेच टिपावे.

या चित्रांची मर्यादाही समजून घ्या. विरघळलेले विष दिव्याने दिसत नाही. पाणी नितळ असून घातक असू शकते, आणि श्रावणातले तांबूस गढूळ पाणी निरोगी असू शकते. पाण्यात काय मिसळले आहे ते प्रयोगशाळाच सांगेल. पण तपासणी कुठे आणि केव्हा करायला हवी, हे सांगायला तारीखवार चित्रांसारखी दुसरी साक्ष नाही. कोळ्याचा शब्द आणि शाळेची वही एकत्र आली, तर तो शब्द टाळणे अवघड जाते.

किमतीचा आकडा मी मुद्दामच सांगितला नाही. तो दर सहा महिन्यांनी बदलतो. तुम्ही आपले एवढे लक्षात ठेवा. आधी पाणी कसे आहे ते पाहावे, मग किती जवळ जाता येईल ते पाहावे, मग रंगाचा खरेपणा आणि झाकणाचा घट्टपणा तपासावा, आणि ल्युमेनचा मोठा आकडा सर्वांत शेवटी विचारात घ्यावा. या क्रमाने गेलात तर थोडक्यात काम भागेल.

आणि तोवर थांबायचे कारण नाही. उद्या ऊन चांगले पडले, की घरातला आरसा घ्या आणि मुलांना गावच्या विहिरीवर न्या. कठड्याच्या बाहेर राहून कवडसा पाण्यात टाका. तळाशी काय काय पडले आहे, ते त्यांना वहीत लिहू द्या.